गळ्यातली घंटी

सांगलीत गाड्यांच्या दलालाने हात पुढे केला, तरी तानाजीच्या मुठीतून मोठ्या गाडीची चावी सुटेना. ताशी दोनशेने पळणारी ही बुटकी गाडी खाली पोट घासेल या धास्तीने त्याने सहा वर्षं आटपाडीच्या खड्ड्यांतून रांगवत नेली होती. तरी जीव तिच्यातच अडकलेला. बदल्यातली कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी शेजारी कोकरासारखी उभी. "आवं साहेब, द्या की!" दलाल म्हणाला. "थांब गड्या." मेंढरांमागे जन्म काढलेले तानाजीचे वडील पुढे झाले. "जनावर इकलं तरी गळ्यातली घंटी आपलीच." मोठ्या गाडीच्या आरशावरची घंटी सोडून त्यांनी छोटीत बांधली. मगच तानाजीने मूठ उघडली. परतीच्या वळणावर खड्डा आला. छोटी टुणकन ओलांडून गेली आणि घंटी खणखणली. सवयीने तानाजीचा पाय ब्रेकवर गेला. "पाय काढ रं," वडील म्हणाले, "मेंढरू पळाय लागलं की घंटी वाजायचीच. पळव की!"