सासूची चूल

मनकर्णाबाईंनी नरसीच्या बाजारातून पाच गावरान कोंबड्या आणल्या.

नवी कोंबडी चुलीभोवती फिरवली की ती घर धरते. पण घरात आता गॅस आलेला. म्हणून त्यांनी परसातल्या, सासूच्या विझलेल्या चुलीभोवती एकेकीला तीनदा फिरवलं.

तेव्हापासून कोंबड्या त्यांच्या हाकेला येईनात. दुपारी मात्र पाचही जणी त्या चुलीपुढं जमायच्या, माना वर करून थांबायच्या आणि मग कोरड्या मातीत टकटक टिपायच्या.

"मामी, कोंबड्या तुमच्या न्हाईत," सून शिवकांता हसली. "काहून ठेवायच्या? बाजारात नेऊन टाकते."

मनकर्णाबाईंच्या जिवाला लागलं. त्यांनी लाडक्या तांबडीला उचललं. तिच्या गळ्याखालची पिशवी टच्च भरली होती आणि चोचीला पिवळा दाणा चिकटला होता. राळा! सासू कोंबड्यांना राळाच टाकायची. ती गेल्यापासून, चाळीस वर्षं, या शिवारात तो कुणी पेरला नव्हता.

मनकर्णाबाई पदर सावरून, नव्या नवरीसारख्या चुलीपाशी बसल्या आणि गेलेल्या सासूला म्हणाल्या,

"मामी, मलाबी द्या की थोडा. माझ्या हातचं खाऊ द्या त्यांना."

त्यांनी ओंजळ पुढं केली.

ओंजळीत पडलेला राळा, कुणीतरी मुठीत धरून ठेवल्यासारखा, कोमट होता.