तोडलेलं पाणी

"साहेब, मले म्हणता पाणी तोडा, अन् तुमच्या झाडाले काहून पाजून राहिले?"

काटोलहून सल्ल्याला आलेला बळीराम हसत होता. त्याचंही बरोबरच होतं. संत्र्याची बाग फुलावर यायची तर हिवाळ्यात महिनाभर पाणी तोडायचं, झाडाला ताण बसू द्यायचा, पानं मलूल झाली तरी मन घट्ट ठेवायचं, हे वसंतरावांनीच त्याला आत्ता चहासोबत समजावलं होतं. संत्र्याच्या संशोधनात त्यांची हयात गेली होती.

त्यांच्या बेसा इथल्या घराच्या अंगणातलं एकुलतं एक झाड मात्र नुसतं पानांनी माजलं होतं. मातीत त्यांनी स्वतः सेन्सर बसवला होता. ओल जरा कमी झाली की ठिबक आपोआप सुरू. फूल म्हणाल तर आजवर एक नाही. दिव्याखाली अंधार, असं शेजारी चिडवायचे आणि वसंतरावही हसण्यावारी न्यायचे.

झाड त्यांच्या बायकोनं लावलेलं. संत्र्याच्या फुलांचा वास घरभर यावा, एवढीच चारुशीलाबाईंची हौस. पुढच्याच उन्हाळ्यात किडनीच्या आजारानं त्या गेल्या, तेव्हा झाड जेमतेम गुडघ्याएवढं होतं.

"थांबा, मीच बंद करून देतो," म्हणत बळीराम ठिबकच्या नळाकडे वाकला.

"हात लावू नको."

वसंतरावांचा असा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता. बळीराम ओशाळला. आपलं काही चुकलं का, असं त्यांच्या मुलीला, मुग्धाला, हळूच विचारून तो निघाला. तिनं त्याला फाटकापर्यंत सोडलं. त्याची माफी मागितली. वडिलांचा तिला भयंकर राग आला होता.

ती परतली तर ते झाडाशी उकिडवे बसून मातीत बोट खुपसून ओल बघत होते. सेन्सर शेजारीच होता. तिचा राग तिथंच गळाला. ती त्यांच्याजवळ मातीत बसली.

"बाबा, आईचं पाणी डॉक्टरांनी तोडलं होतं. तुम्ही नाही."

वसंतरावांनी हात पुढे केला आणि स्वतःच नळ बंद केला. पण नळावरची मूठ काही सुटेना.

"घोटभरच मागत होती गं."