तिच्या हाताची गाळणी

"ही धरून बघ," म्हणत त्याने चौथी गाळणी बायकोच्या हातात ठेवली.

तिने ती धरली न धरली आणि काउंटरवर परत टाकली. चहाची गाळणी घ्यायला तिला कधी दोन मिनिटांवर लागली नव्हती. ही कॉकटेलची. चपटी, भोकाभोकांची, काठाला स्प्रिंग, वर बोट टेकवायला एक पट्टी. भांड्याच्या तोंडावर दाबून धरायची, म्हणजे बर्फ आणि पुदिना मागे राहतो आणि नुसतं पेय ग्लासात उतरतं. त्याला हे सगळं इतकं व्यवस्थित माहीत होतं, यानेच तिचं पित्त खवळलं होतं.

त्याने दारू सोडल्याला वर्ष होत आलं होतं. रविवारी लेक-जावई येणार म्हटल्यावर त्यांना घरचं कॉकटेल पाजायचं स्वारीच्या अंगात आलं. लिंबू, पुदिना, आल्याचा रस, दारूचा थेंब नाही, असं तो सकाळपासून सांगत होता. थेंब नाही, हे तिने संसारात पोटभर ऐकलं होतं. मागच्या खेपेला तो जावयादेखत पायपुसण्यावर आडवा झाला होता. लेक त्यानंतर घरी फिरकलीच नव्हती. पुन्हा तसं झालं तर पोर कायमची तुटणार, या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागला होता. तो आंघोळीला गेला की ती गुपचूप त्याचा ग्लास हुंगायची. खोकल्याच्या औषधाचं टोपणसुद्धा सोडायची नाही.

आज गाळणी आली, उद्या मागोमाग बाटली येईल. तिला एका जागी उभं राहवेना. ती दारापर्यंत जाऊन आली, नको असलेल्या कढयांच्या किमती वाचून आली.

तो मात्र हट्टाला पेटला होता. दुकानदाराने हौसेने स्टीलच्या ग्लासात पाणी भरून बर्फाच्या जागी गोट्या घालून दिल्या होत्या. पहिली गाळणी जड निघाली. दुसरीचा दांडा लांब. तिसरीची स्प्रिंग ढिली, गोटी टुणकन बाहेर. चौथीच्या पट्टीपर्यंत बोट पोचेना. आणि दर वेळी तो ती तिच्याच हातात कोंबत होता. मनगट अवघडतंय का, पकड बसते का. तिच्या इवल्याशा हाताला विचारून याच्या फावड्याएवढ्या पंजाला काय कळणार होतं, देव जाणे. तिला त्याचा रागही आला आणि रडूही.

पाचवी तिने चिडूनच ग्लासावर दाबली आणि ग्लास कलता केला. पाणी सरळ धारेने उतरलं. गोट्या आतच राहिल्या.

"बसली. हीच द्या," तो दुकानदाराला म्हणाला.

"अहो, पण हवीय कशाला?" तिचा आवाज चढला. "इतकी वर्षं हिच्यावाचून तुमचं काही अडलं नाही."

दुकानदाराने बिलात डोकं घातलं. नवऱ्याने गाळणी तिच्या हातातून काढून घेतली नाही.

"भांड्यात भरायचं तू, गाळून ओतायचं तू. मी मधे नुसतं हलवून देणार," तो हळूच म्हणाला. "म्हणजे मागाहून ग्लास हुंगायला नको."