मातीचे बाबा

जपान. भातशेतांच्या मधोमध झाडांनी भरलेली टेकडी. आत दीड हजार वर्षांपूर्वीचा राजा.

कावासाकी. ऑफिसातला पांढरा फळा. सोमवारी नवी सिस्टिम सुरू. उदयला रजा नाही.

पुणे. अण्णांच्या नाकात नळी.

उरायासु, जुईचा सहावीचा वर्ग. बाई सांगतायत : राजा मेला की त्याची माणसं त्याच्याभोवती जिवंत पुरायचे, अशी दंतकथा आहे. ती कित्येक दिवस रडत राहायची. एका राजाला ते ऐकवेना. मग माणसांऐवजी मातीच्या मूर्ती आल्या. हानिवा. आता तुम्हीही एकेक करा. ज्याच्यावाचून करमणार नाही, त्याची.

विमान दुपारचं होतं. जयमाला आणि जुईची जुलैअखेरच्या सुट्टीची तिकिटं आधीच काढलेली. अण्णा परवा अचानक कोसळले. उदय मंगळवारी निघणार होता.

"तुझ्या अण्णांना सांगू का, मंगळवारपर्यंत थांबा म्हणून?" सुटकेस भरता भरता जयमाला म्हणाली.

उदयने फोनवर पुन्हा एकदा नजर टाकली.

जुईने दप्तरातून वर्तमानपत्राचं पुडकं काढून सुटकेसमध्ये ठेवलं. जयमालाने उघडून पाहिलं. वीतभर उंचीचा मातीचा माणूस. डोळ्यांच्या जागी भोकं, तोंडाच्या जागी भोक. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, तेही मातीचं.

"हे गं काय?"

"बाबा. खरे येत नाहीयेत ना? मग हे येतील. आजोबांबरोबर राहतील."

"जुई! जिवंत माणसाची मूर्ती कुणी मेलेल्याबरोबर..." जयमालाने जीभ चावली.

"अण्णा आहेत अजून," उदय म्हणाला.

त्याने मूर्ती उचलली. वाटली होती त्याहून हलकी निघाली.

"आत काहीच नाही?"

"पोकळच ठेवायची असते. नाहीतर भट्टीत फुटते."

"अण्णांसाठी केलीस?"

जुईने उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. "हाय, तानाका-सान. हाय." जपानीत 'हो, हो' म्हणत, मूर्ती तिच्या हातात देऊन उदय गॅलरीत गेला. काचेपलीकडे तो, साहेब समोरच असल्यासारखा, कमरेत वाकला. सरळ झाला. पुन्हा वाकला.

जुई बघत राहिली. मग तिने मूर्ती कागदात गुंडाळली. सुटकेसपाशी गेली, थबकली. "नको," ती जपानीत पुटपुटली, आणि पुडकं परत आपल्या दप्तरात ठेवलं.

मूर्ती तिने मे महिन्यात केली होती. तेव्हा अण्णा रोज पर्वती चढत होते.