सिल्वेस्टरचा हात

दुरुस्त होऊन आलेला गिटारचा अ‍ॅम्प सिल्वेस्टर दाब्रेंनी सुरू केला आणि पहिल्याच सुराला ते दचकले. आवाज पातळ आणि टोचरा येत होता. त्यांनी गिटारच्या तारा बदलल्या, बटणं फिरवून पाहिली, शेवटी कानही तपासून घेतले. "वयाच्या मानाने ठीक," डॉक्टर म्हणाले, तशी आपलाच हात उतरल्याची भीती वाढलीच. वसईच्या लग्नांत तीस वर्षं वाजवणारे सिल्वेस्टर मुलीला म्हणाले, "रीना, बँडला दुसरा माणूस बघायला सांग."

रीनाने त्यांना अ‍ॅम्पसकट दुरुस्तीवाल्या गावंडांकडे नेलं.

"स्पीकर फाटला होता, नवीन टाकला. सांगायचं राहिलं," गावंड म्हणाले.

"नुसत्या स्पीकरने एवढा फरक?"

गावंडांनी एक जुना स्पीकर जोडला. त्यातला थरथरून आवाज काढणारा कागद वापरून मऊ झाला होता. सिल्वेस्टरनी एक धून वाजवली. आवाज भरदार आला, अगदी पूर्वीसारखा. पण त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे लोक 'सिल्वेस्टरचा हात' म्हणायचे, तो या कागदाचा होता?"

गावंडांनी गिटार घेऊन तीच धून त्याच स्पीकरवर वाजवली. आवाज भरदारच होता.

"पप्पांसारखं नाही झालं, काका," रीना म्हणाली.

"का नाही झालं?" सिल्वेस्टरनी विचारलं.

तिला सांगता येईना. फरक त्यांनाही ऐकू आला होता, पण का ते कळेना. त्यांनी गिटार परत घेतली.

"शनिवारच्या लग्नाला मीच येतो, सांग बँडला."