नुसतं लोड केल्यावर

"बाबा, हे तर लोड होताच आपलं आपण चालू होतंय!" धाकटी ओरडली. "आणि तेही तुमच्या स्वतःच्या पॅकेजमध्ये? पकडलं मास्तरांना!"

टेबलाच्या पलीकडे, आपल्या स्क्रीनमागे बाबा हसले. तीस वर्षं त्यांनी मुलांना प्रोग्रामिंग शिकवलं होतं. घरात दोन मुलींनाही त्यांनीच शिकवलं. लिहायला ते संगणकावरचा एक जुना एडिटर वापरत. त्याला हवी तशी जोड देता येई. एकेक जोड म्हणजे एकेक पॅकेज. त्यांचा नियम साधा होता. पॅकेज लोड करणं म्हणजे अवजार पेटीतून काढून टेबलावर ठेवणं. ते कुणी हातात घेईपर्यंत त्याने काही करायचं नाही. "करवत टेबलावर ठेवली आणि तिने आपणहून टेबलच कापायला घेतलं, तर?" असं ते वर्गात विचारत. मुलं खिदळत, पण नियम जन्मभर विसरत नसत.

आज त्यांच्याच पेटीत तशी करवत सापडली होती.

एडिटर हल्ली उघडायला दोन-दोन मिनिटं घेत होता. मुलांसाठी लिहायला घेतलेलं गणिताचं पुस्तक त्यामुळे रखडलंय, असं बाबांचं म्हणणं. म्हणून धाकटी लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसली होती. त्यांच्या फायली तिला तिथूनच उघडता येत. ऐंशी पॅकेजेस एकामागून एक लोड होत होती. बहुतेक निरुपद्रवी. शेवटचं मात्र बाबांनी स्वतः लिहिलेलं, दोन वर्षांपूर्वीचं. नाव होतं 'सोबत'. एडिटर अडत होता तो त्याच्यापाशीच. ते कुठल्याशा यादीतून एकेक ओळ उचले, वेळ बघून घंटी वाजवे आणि ती ओळ बाबांच्या स्क्रीनच्या तळाशी दाखवे. औषधांच्या वेळा असणार, असं तिला वाटलं. यादी तिने उघडली नाही. दुसऱ्याचं खासगी वाचू नये, हेही बाबांनीच शिकवलेलं.

टिंग.

"नोकरीत नवीन साहेब कसा आहे गं?" बाबांनी विचारलं. नजर स्क्रीनवर. बोलताना ते हल्ली माणसाकडे बघतच नसत.

"गेल्या शनिवारी सांगितलं ना. खडूस आहे."

"हो, हो. खडूस."

टिंग.

"आणि आईच्या कुंड्यांना पाणी घालतेस ना? तू नेलेल्या?"

"घालते, बाबा."

दोन्ही वेळा आधी घंटी आणि मग प्रश्न. तिने मान झटकली.

सहाला ताईचा फोन यायचा होता. ताई लांब राहायची. तिने बाबांसाठी वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. "एकटे असतात. उद्या गॅस उघडा ठेवून झोपले म्हणजे?" हे तिचं पालुपद. धाकटी दर शनिवारी चारच्या ठोक्याला येई आणि दर शनिवारी ताईला सांगे, "अगं, ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा त्यांच्याच जास्त लक्षात असतं." आज ताईला शेवटचं उत्तर हवं होतं. बाबांनी हे घर सोडायचं की नाही, ते धाकटीच्या एका शब्दावर ठरणार होतं.

"पण बाबा, तुम्ही हे असं केलंत तरी का? लोड झाल्यावर कुणी सांगितलं तरच चालू व्हायला हवं ना?"

बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"कशाला केलं होतं कोण जाणे," ते शेवटी म्हणाले. "पण नियम म्हणजे नियम. दुरुस्त कर."

तिने केलं. आपोआप चालू करणारी ओळ काढली. त्या जागी एक साधी आज्ञा ठेवली. लागेल तेव्हा बाबांनी द्यावी. "आता एडिटर बंद करून पुन्हा उघडा."

एडिटर क्षणात उघडला.

"बघा! कसा पळतोय!"

बाबा स्क्रीनच्या तळाशी बघत होते. मिनिट गेलं. दोन गेली. घंटी वाजली नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा तिथेच पाहिलं. मग हळूच मान वर केली आणि आज पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

ते खुर्चीवरून उठले. शर्टाची कॉलर सारखी केली.

"माफ करा हं, लक्षातच आलं नाही," ते अदबीने म्हणाले. "आपण बराच वेळ थांबलात का? कुणाकडे काम होतं?"

"बाबा, पुरे हं थट्टा."

ते कसनुसं हसले. पाहुण्याचं मन राखायला हसतात तसं.

तिने काढलेली ओळ जागच्या जागी परत घातली. टेबलाला वळसा घालून ती त्यांच्या बाजूला आली आणि तिने त्यांचा एडिटर बंद करून उघडला. बाकीची पॅकेजेस भराभर लोड झाली आणि 'सोबत'पाशी एडिटर पुन्हा अडला. दोन मिनिटं दोघं शेजारी शेजारी उभी होती. बाबा सभ्यपणे थोडे दूर सरकले.

टिंग. तळाशी ओळ उमटली.

'शनिवार, चार ते सहा. जवळ आहे ती तुझी धाकटी मुलगी. तिला चिमणे म्हण.'

"अगं चिमणे!" बाबांचा चेहरा उजळला. "कधी आलीस तू?"

ती स्क्रीनकडेच बघत राहिली.

टिंग.

'तुला काही आठवत नाही, हे तिला कळू देऊ नकोस. घर जाईल.'