बाकरवडीखाली पाच भोकं

"शंभर यार्ड. पाच गोळ्या. पाचही भोकं या एका बाकरवडीखाली झाकली पाहिजेत," गिरीश म्हणाला आणि डब्यातली सगळ्यात जाड बाकरवडी निवडून त्याने ग्रिलशेजारी ठेवली.

"झाकून दाखवतो," देवदत्त म्हणाला.

"साडेतीनशे डॉलरच्या बंदुकीने? यार, ती बंदूक नाही, काठी आहे. कपडे वाळत घालायला बरी."

सप्टेंबरातल्या लेबर डेची संध्याकाळ होती. अमेरिकेतल्या हर्नडनच्या त्या टाउनहाउसच्या रांगेत दोघांचे मागचे लाकडी डेक एकमेकांना चिकटून. देवदत्तने नुकतीच सेलमध्ये बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेतली होती. सेलची लिंक गिरीशनेच पाठवली होती आणि आता थट्टाही तोच करत होता.

"अपग्रेड करणार आहे मी. घरीच," देवदत्त म्हणाला. "मग बघ."

"कर की. हरलेल्याने मराठी मंडळाच्या दिवाळीला नऊवारी नेसून लावणी करायची. पूर्ण. नथीसकट."

देवदत्तचा हात बर्गरवरच थांबला. दिवाळीला नागपूरहून सासूबाई येणार होत्या. रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. 'जावई गंभीर माणूस आहे' हे त्यांचं मत टिकवायला त्याने आख्खा संसार खर्ची घातला होता.

"आणि हरलात तर बंदूकपण विकायची," त्याची बायको शैलजा आतून ओरडली. "दोन्ही होऊ दे."

आता मागे हटणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोल्ट काढून तिजोरीत ठेवून देवदत्तने उरलेली बंदूक गॅरेजमध्ये शिकंज्यात अडकवली. रोग सोपा होता. स्वस्तातला प्लास्टिकचा स्टॉक, म्हणजे बंदुकीचा दस्ता, पुढे नळीला टेकत होता. दोन्हींच्या मधून डॉलरची नोट सरळ सरकली पाहिजे, असं व्हिडिओत सांगितलं होतं. त्याची अर्ध्यात अडकायची. तो पॉलिश पेपर घेऊन घासत बसला.

थोड्या वेळाने गिरीश चहाचा कप घेऊन आला आणि वाकून बघायला लागला.

"डावीकडे घास. नोट तिथे अडकतेय."

"तू कशाला सांगतोयस?"

"बरं, नको घासू."

शत्रूचं कोण ऐकतो? देवदत्तने उजवीकडे घासलं. शनिवारी शूटिंग रेंजवर पाच गोळ्या अशा विखुरल्या की बाकरवडी सोडा, त्या झाकायला थालीपीठ लागलं असतं.

पुढच्या आठवड्यात त्याने गुपचूप डावीकडे घासलं. नोट लोण्यातल्या सुरीसारखी सरकली. गोळ्या निम्म्या जागेत आल्या. देवदत्तने टार्गेटची घडी करून खिशात घातली. गिरीशने खरं का सांगितलं असेल?

मग गाल टेकायला स्टॉकवर गादी लावली.

"माझी योगा मॅट कुठाय?" शैलजाने विचारलं.

"आहे ना. थोडी छोटी झालीय."

पण एक दिवस तीच धावत वर आली. देवदत्त ऑफिसच्या कॉलवर होता.

"अहो, गिरीशभाऊजी गॅरेजमध्ये आहेत. तुमच्या बंदुकीला स्क्रूड्रायव्हर लावून!"

कॉल म्यूट करून देवदत्त खाली पळाला. तोवर गिरीश गेला होता. सापडला बरोबर, देवदत्तला वाटलं. स्क्रू ढिले केले असणार.

त्याने स्क्रू तपासले. एकही ढिला नव्हता. उलट मागचा, जो त्याला कधीच नीट बसवता आला नव्हता, तो आता घट्ट बसला होता.

"तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस रे?" त्याने कुंपणावरून विचारलं.

"मला चीटिंग करून जिंकायचं नाही," गिरीश म्हणाला आणि आत गेला.

देवदत्तला त्या रात्री नीट झोप लागली नाही. असा सरळ माणूस त्याने अमेरिकेत पाहिला नव्हता. पुण्यात तर नाहीच.

पैजेच्या शनिवारी वारा होता. देवदत्तच्या चार गोळ्या अगदी जवळजवळ लागल्या. पाचव्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर सासूबाईंचा चष्मा आला आणि बोट जरा लवकर दाबलं गेलं.

फायरिंग थांबल्यावर दोघं चालत टार्गेटपाशी गेले. गिरीशने बाकरवडी ठेवली. पाचव्या भोकाची कड बाहेर डोकावत होती.



गिरीशने बाकरवडी थोडी फिरवली. परत फिरवली. एका बाजूने ती जराशी फुगलेली होती. ती बाजू त्याने भोकावर आणली.

"झाकलं," तो म्हणाला. "हरलो यार मी."

"अरे, पण..."

"झाकलं ना? संपलं."

 परत येताना गाडीत देवदत्त म्हणाला, "गिरीश, कॅन्सल करू. मी कुणाला काही सांगणार नाही."

"शब्द म्हणजे शब्द," गिरीश खिडकीबाहेर बघत म्हणाला. चेहरा असा पाडला होता की देवदत्तला रडूच यायचं बाकी होतं.

मंडळाची दिवाळी शाळेच्या ऑडिटोरियममध्ये होती. पैजेची बातमी सगळीकडे पोचली होती. अर्धं हर्नडन फोन वर धरून बसलं होतं. देवदत्त मान खाली घालून पुढच्या रांगेत होता. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला गिरीशची बायको सुवर्णा.

ढोलकी वाजली. गिरीश स्टेजवर आला. शिट्ट्या, हशा, 'वन्स मोअर'चा गोंगाट झाला.

पण त्याने पाऊल टाकलं, मान वळवली, पदराचं टोक दोन बोटांत धरलं आणि हळूहळू हशा विरला. लोकांचे फोन खाली आले. घुंगरू ढोलकीच्या एक पाऊल पुढे धावत होते. सासूबाई पुढे झुकून बसल्या. "गुरू कोण हो यांचे?" त्यांनी हळूच विचारलं.

 देवदत्त सुवर्णाकडे वळला.

"वहिनी, सॉरी. माझ्यामुळे झालं हे सगळं. इतक्या घाईत एवढं शिकायचं, वर साडी, दागिने, मापाचा ब्लाउज..."

"घाई कसली, भाऊजी," स्टेजवरची नजर न हलवता सुवर्णा म्हणाली. "ब्लाउज मार्चमध्येच शिवून आलाय."